पहिला प्रवास वहिनींचा

पत्र मिरजेहून आलं आहे. लिहिणारे तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहेत. नाव छापू नका म्हणतात. पत्र बरंच मोठं आहे, म्हणून मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून तारीख लावली, त्यामुळे पुढच्या वर्षी 31 मे रोजी 58 पूर्ण करून मी निवृत्त होतोय. नोकरी 1994 ची, म्हणजे जुनी पेन्शन आहे. घरात मी, पत्नी (वय 54) आणि आई (82). मुलगा-सून पुण्यात नोकरीला, मुलगी बेळगावला दिलीय. हल्ली रात्री जेवणं झाली की मी जुने अल्बम काढून बसतो. पंढरपूरची नॅरोगेज गाडी, कवठेमहांकाळला थांबली की मुलं हट्टानं खाली उतरायची. आंबा घाटाच्या अलीकडे बंद पडलेली एसटी आणि मलकापूर स्टँडवर काढलेली रात्र. आग्र्याला पोचलो तर नेमका शुक्रवार, ताजमहाल बंद, आई रिक्षावाल्याशीच भांडली. नंतर इलेक्शन, पूर, जनगणना, कायम काहीतरी. 2019 च्या ऑगस्टमध्ये केरळची तिकिटं काढली होती, ती महापुरात रद्द केली. त्यानंतर कुठं जाणंच झालं नाही. आता निवृत्त झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत चारधाम, काशी, केरळ आणि जमलं तर युरोप, सगळं उरकायचं असं ठरवलंय. पण मुलगा म्हणतो, बाबा, फंड-ग्रॅच्युइटीतले 25 लाख फ्लॅटला द्या, कर्ज कमी काढावं लागेल. एक वकील मित्र म्हणतात, 1 जूनपासून माझ्याकडे या. पत्नीला विचारलं की 'बघू' म्हणते. रोज सकाळी दहाला घराबाहेर पडायची सवय आहे, ती सुटल्यावर मी करू काय, या विचारानं झोप लागत नाही. मार्ग सांगा."

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रात मुलगा बोलतो, वकील मित्र बोलतात, आई तर आग्र्याच्या रिक्षावाल्याशी भांडतेसुद्धा. वहिनी मात्र एवढ्या मोठ्या पत्रात एकदाच तोंड उघडतात आणि तेही "बघू" एवढंच म्हणायला. म्हणून चारधाम आणि 25 लाखांकडे नंतर येऊ. आधी वहिनींचं बोलू.

बँकेत पेन्शनच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काढली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणारी जोडपी रांगेत उभी असायची, त्यांच्या गप्पा कानावर पडायच्या. नव्यानं निवृत्त झालेल्या माणसाची बायको पहिल्या वर्षी काय सांगते, ते मला जवळजवळ पाठ झालं होतं: "दिवसभर घरातच असतात हो." त्यात तक्रार नसायची, दमणूक असायची. सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर जी दोन-तीन तासांची दुपार तिची स्वतःची होती, ती गेलेली असायची. अकराला चहा, साडेबाराला "जेवायला काय आहे", मग "हा डबा इथं का ठेवलाय", चारला पुन्हा चहा. ऑफिसात शिपाई अकराला टेबलावर कप आणून ठेवायचा, ती सवय माणूस घरी घेऊन येतो आणि कप आणणारं माणूस तेवढं बदलतं.

तुमच्या घरात आईही आहेत. वय 82 म्हणजे औषधाच्या वेळा, पथ्याचं वेगळं जेवण, रात्री उठताना धरायला कुणीतरी हवं. हे सगळं आज कोण करतं, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मी समजले. आता वहिनींच्या जागी उभं राहून तुमची यादी वाचा. चारधाम म्हटलं की त्यांच्या मनात पहिला विचार देवाचा येत नसणार, "आईंजवळ कोण राहणार" हाच येत असणार. हे बोलून दाखवलं तर सासूचं ओझं वाटतं असा अर्थ निघेल, म्हणून त्या "बघू" म्हणतात.

माझं सांगणं स्पष्ट आहे. तुमच्या निवृत्तीनंतरचा पहिला प्रवास वहिनींनी करावा, एकटीनं, आणि त्या वेळी आईंजवळ तुम्ही राहावं. लांब कुठं नको. बेळगावला लेकीकडे आठ दिवस. मिरजेहून गाडीनं तीन तासांचा रस्ता, पण घरी कुणाच्या जेवणाची, कुणाच्या गोळ्यांची काळजी न करता लेकीकडे आठ दिवस राहिलेली बाई मी फार कमी पाहिली आहे. लेकीचं बाळंतपण, जावयाचं आजारपण, नातवाची मुंज, अशा कामासाठी जाणं वेगळं. हे नुसतं राहायला जाणं आहे.

त्या आठ दिवसांत तुम्हाला पोळ्या जमल्या नाहीत तर पोळीभाजी केंद्रातून आणा, त्यात कमीपणा नाही. पण आईंच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत, कुठली जेवणाआधीची आणि कुठली नंतरची, त्यांना दूध किती कोमट लागतं, संध्याकाळी त्यांना कुणाशी फोनवर बोलायचं असतं, हे सगळं तुमच्या हाताखालून जाईल. "मी करू काय" या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हाला तिथं मिळेल, कारण घरात काम भरपूर आहे, ते आजवर तुमच्या वाट्याला आलेलं नाही इतकंच. वहिनी परतल्या की त्यातली दोन-तीन कामं कायमची तुमच्याकडे ठेवून घ्या. मदत म्हणून करू नका. मदत करणाऱ्याला सांगावं लागतं, आठवण करावी लागते. आईंची सकाळची औषधं आणि दवाखान्याच्या फेऱ्या तुमच्या, म्हणजे तुमच्याच. महिन्याचा किराणाही तुमच्याकडे घ्या.

यासाठी 31 मेची वाट पाहायची गरज नाही. अर्जित रजेचा पगार जास्तीत जास्त 300 दिवसांचा मिळतो हे तुम्हाला ठाऊक आहेच, आणि तुमच्यासारख्या कधी रजा न घेणाऱ्या माणसाच्या खात्यावर तेवढी रजा कधीच जमली असणार. त्यावरची वाया जाते. मग इलेक्शनची धामधूम नसताना एक आठवडा रजा टाका आणि घरी बसा. कुठं जाऊ नका, अल्बमही काढू नका. सोमवारी सकाळी दहाला काय वाटतं, दुपारी दोनला काय वाटतं, बुधवारपर्यंत चिडचिड होते का, हे पाहून घ्या. वहिनींनाही तोच आठवडा पाहू द्या. शनिवारी आई झोपल्यावर दोघं बसा आणि त्यांना विचारा: मी घरात असताना तुला कुठल्या वेळी अडचण झाली? उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. दुपारी एक ते चार घर त्यांना मोकळं हवं असेल तर त्या वेळेत तुम्ही वाचनालयात, ज्येष्ठ नागरिक संघात, कुठंही असा, पण बाहेर असा.

आता तुमच्या प्रवासांकडे येते, कारण पत्रातला सगळ्यात जिवंत भाग तोच आहे.

तुम्ही ज्या आठवणी लिहिल्या आहेत त्या नीट पाहा. पंढरपूरच्या विठोबाचं दर्शन त्यात नाही, गणपतीपुळ्याचा समुद्र नाही, ताजमहाल तर तुम्ही पाहिलाच नाही. आहे ती वाटेतली कवठेमहांकाळची थांबलेली गाडी, मलकापूरचं स्टँड आणि बंद दरवाज्यासमोर भांडणारी आई. 1927 साली मिरजेपर्यंत आलेली ती बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज अशी चालायची की घाई असलेला माणूस तिच्यात बसतच नसे. मुलं उतरून परत चढेपर्यंत ती जागची हललेली नसायची. ढालगाव, जत रोड, सांगोला करत दिवस जायचा आणि त्या दिवसात तुम्ही बायकोमुलांच्या शेजारी बसलेले असायचा. तुम्हाला आठवतोय तो हा मोकळा वेळ. आणि जे ठरवताय त्यात नेमका तोच नाही. चारधामाचं दहा-बारा दिवसांचं पॅकेज म्हणजे पहाटे चारला उठा, बॅगा बाहेर ठेवा, गाडीत बसा. "उरकायचं" हा तुमचाच शब्द आहे, आणि उरकायची सवय कचेरीतल्या टपालानं लावलेली आहे.

म्हणून सगळं एकदम करू नका. चारधामाचं म्हणाल, तर बद्रीनाथ आणि गंगोत्रीला गाडी थेट जाते. केदारनाथला गौरीकुंडापासून 16 किलोमीटरच्या आसपास चढ आहे आणि देऊळ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. यमुनोत्रीलाही जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटर चढावं लागतं. तुमचं रक्तदाबाचं औषध चालू आहे असं पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहे, ते ओझरतं सोडू नका. डॉक्टरांना ठिकाणांची नावं सांगून विचारा, आणि झोपेचंही त्याच भेटीत बोला. पहिल्या खेपेला हरिद्वारला मुक्काम करून दोनच धाम करा, मध्ये एक-एक दिवस विसावा घेत. मे-जूनच्या गर्दीत जाऊ नका, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात जा. नोंदणी सक्तीची आहे, ती आधी करा.

केरळ मात्र राहिलेलं आहे आणि ते व्हायला हवं. पुण्याहून सुटणारी पूर्णा एक्सप्रेस आठवड्यातून एकदा मिरजेवरून जाते. बेळगाव, लोंढा, दूधसागरचा घाट उतरून मडगाव आणि पुढं कोकण रेल्वेनं एर्नाकुलम. तुमच्यासारख्या खिडकीशेजारच्या माणसाला विमानापेक्षा ही गाडी जास्त देईल. एक उपयोगाचं सांगते. रेल्वेतली ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे, पुरुषांना 60 पासून आणि स्त्रियांना 45 पासून. वहिनींना तो आजच लागू होतो. आणि राज्यातल्या एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. आंबा घाटातून रत्नागिरीला जायला कुठल्या पॅकेजची वाट पाहता? दोन दिवसांची सवड काढा आणि जा. अशी दोन-तीन दिवसांची छोटी जाणी दर दीड-दोन महिन्यांनी ठेवली तर आईंजवळ राहायला बहीण, मुलगी, सून यांपैकी कुणीतरी आनंदानं येईल. पंधरा-पंधरा दिवसांसाठी वर्षातून तीनदा कुणी येणार नाही, आणि आलं तरी तुमचं लक्ष फोनकडेच राहील.

आईंनाही कुठंतरी न्या. पंढरपूरला जायला रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाल्यापासून गाडीनं अडीच-तीन तास लागतात. एकादशी टाळा, चारी वाऱ्यांचे दिवस टाळा, पदस्पर्शाच्या रांगेचा आग्रह धरू नका. मुखदर्शन करून चंद्रभागेच्या काठी त्यांना तासभर बसू द्या.

युरोपचं मी आज काहीच सांगत नाही. वहिनींनी स्वतःहून नाव काढलं तर जा.

मुलाचे 25 लाख. यावर तुमची झोप उडाली आहे असा माझा अंदाज आहे, वेळ कसा घालवायचा ही काळजी दुय्यम आहे. मुलगा वाईट नाही, त्याचा हिशेबही चुकीचा नाही. कर्ज कमी काढलं की व्याज वाचतं हे खरंच. पण त्याच्यापुढे पंचवीस-तीस वर्षांची कमाई आहे आणि तुमची 31 मे रोजी थांबते. पेन्शन महिन्याचं घर चालवेल, महागाई वाढेल तशी तीही वाढेल. पण आईंचं आजारपण, तुमचं-वहिनींचं एखादं ऑपरेशन, घराची गळती, हे महिन्याच्या पेन्शनमधून निघत नाही. त्यासाठीच ही रक्कम आहे.

पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना 60 वर्षांवरच्यांसाठी असली तरी 55 ते 60 या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. मर्यादा 30 लाखांची. दर तिमाहीला व्याज खात्यात येतं आणि खातं उघडलेल्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. खात्यात वहिनींचं नाव जोडीनं घालता येतं, त्यांच्या वयाची अट नाही. पैसे आले की आधी इथं जा. तीन महिने गेले तर ही सोय 60 होईपर्यंत हुकते, आणि मधल्या काळात नात्यातल्या कुणाकुणाला तुमच्या पैशांची गरज पडेल ते सांगायला नको. पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी घेता येतो, तो पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो आणि महागाई वाढ पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळत राहते. विकायचा तर जरूर विका, पण मुलाच्या फ्लॅटसाठी नको.

मुलाला द्या, पण परत आलं नाही तरी मनात राहणार नाही एवढंच द्या. तुमच्या जागी मी असते तर 5 लाखांच्या वर गेले नसते, आणि तेही निवृत्तीनंतर वर्षभरानं, खर्च कसा बसतो ते पाहून. हे फोनवर सांगू नका. त्याला घरी बोलवा, तुम्ही दोघं समोर बसा आणि वहिनींनी सांगावं. बापानं नकार दिला तर मुलगा आईला फोन करतो, आईचं मन वळतं, मग रात्री तुमच्यात वाद होतो. दोघांनी मिळून सांगितलं की तो रस्ता बंद होतो. सून समोर असू द्या, म्हणजे तिच्यावर नाहक आळ येणार नाही.

आणि आईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं आहे का? ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी ते मिळतं. तुमच्या ओळखीतलं कुठलं रुग्णालय त्यात आहे ते आत्ताच विचारून ठेवा, ऐन वेळी नको. तुमचा-वहिनींचा आरोग्य विमाही नोकरीत असतानाच घ्या. रक्तदाबाचं लपवू नका.

वकील मित्रांना सहा महिन्यांनी कळवतो म्हणा. पहिल्याच दिवशी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसणारा माणूस निवृत्त झालेला नसतो, आणि वहिनींचा बेळगावचा बेत तिथंच बारगळेल. मात्र तुमच्याकडे जे आहे ते वाया जाऊ देऊ नका. वारसनोंद कशी लावायची, फेरफार का अडतो, सातबाऱ्यावर चुकलेलं नाव कुठल्या अर्जानं दुरुस्त होतं, हे समजावून सांगणारा माणूस खेड्यातल्या म्हाताऱ्यांना मिळत नाही, एजंट मिळतो. आठवड्यातून दोन दुपारी ज्येष्ठ नागरिक संघात टेबल टाकून बसलात तर माणसं तुमच्यासाठी थांबतील, आणि दुपारचं घर मोकळं होईल ते वेगळंच.

राहिली कागदपत्रं, आणि इथं घाई करा. 1 जूनच्या जन्मतारखेमुळे तुमच्यासारखे शेकडो जण राज्यात 31 मे रोजीच निवृत्त होतात, त्यामुळे त्या सुमाराला पेन्शनच्या प्रकरणांचा ढीग असतो. सेवापुस्तकाची वेतन पडताळणी झाली का, प्रकरण महालेखापालांकडे सहा महिने आधी जाईल अशा बेतानं तयार आहे का, जुन्या बदल्यांच्या काळातल्या नोंदींवर सह्या आहेत का, ते आजच पाहा. दुसऱ्यांची सेवापुस्तकं तुम्ही आयुष्यभर लिहिलीत, स्वतःचं उघडून किती दिवस झाले?

पेन्शनच्या कागदांना जोडीचा फोटो लागतो. त्याआधी वहिनींचं नाव सेवापुस्तकात, आधारवर, पॅनवर आणि बँकेत अक्षरशः एकसारखं आहे का तपासा. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, मध्ये "बाई" लावलेलं तिसरीकडे, एवढ्यावरून कुटुंब निवृत्तिवेतन महिनोन् महिने अडलेल्या बायका मी काउंटरपलीकडे उभ्या पाहिल्या आहेत, हातात पिशवी आणि पिशवीत सगळे कागद, फक्त नावं जुळत नाहीत. पेन्शनचं खातं दोघांच्या नावे उघडा. एटीएम वहिनींना वापरता येऊ द्या. एकदा त्यांना घेऊन कोषागारात जा आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, कसा असतो, तो घरात कुठं ठेवलाय, तुम्ही नसलात तर पहिला अर्ज कुणाकडे करायचा, हे त्यांना त्यांच्या हातानं वहीत लिहून घेऊ द्या. हे बोलताना तुम्हाला जड जाईल, त्यांना तर जास्तच. तरी बोला.

सोमवारी आस्थापना शाखेत जाऊन पडताळणी कुठवर आली ते विचारा आणि त्याच दिवशी आठवडाभराच्या रजेचा अर्ज टाका. शनिवारी वहिनी काय म्हणाल्या ते मला कळवा.